मोहोर नसलेले पाणी

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका लग्नघरी आम्ही गेलो होतो. ईस्ट इंडियन समाजाच्या रीतीप्रमाणे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरातील आणि शेजारपाजारच्या स्त्रिया बँडच्या तालावर विहिरीवर गेल्या, कळशा भरल्या आणि ‘उंबराचे पाणी’ घेऊन गात गात परतल्या. मांडव विहिरीपासून वीस पावलांवर होता. मांडवाच्या दाराशी लाकडी बाकावर निळ्या झाकणांचे डझनभर जार ओळीने मांडलेले होते आणि शेजारी कागदी पेल्यांची चळत होती. नवरीला न्हाऊ घालायचे ते पाणी विहिरीचे, आणि पाहुण्यांनी प्यायचे ते टेम्पोतून आलेले! घरातील एका वयोवृद्ध आजींनी आम्हांला विचारले, “फादर, विहिरीचं पाणी आता फक्त गाण्यापुरतंच राहिलं का?” आम्ही हसून वेळ मारून नेली. ते हसणे आम्हांला पुढे फार बोचले.

कारण पंधरवड्याने आमचे फेस्त होते. धर्मग्राम समितीच्या बैठकीत खर्चाचा अंदाज मांडला गेला. बँड कोणता आणावा यावर तासभर वाद झाला, मांडवाच्या कापडाच्या रंगावर अर्धा तास गेला. यादीच्या तळाशी एक ओळ होती : ‘शुद्ध पाण्याचे जार, नग ऐंशी’. त्या ओळीवर कोणी चकार शब्द काढला नाही, आम्हीही नाही. आम्ही सही केली.

फेस्तानंतर दोन दिवसांनी धर्मशिक्षणाच्या वर्गातील अकरा मुले उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. एका सात वर्षांच्या मुलीला दोन दिवस सलाईनवर ठेवावे लागले. मुलांनी त्या दिवशी काय काय खाल्ले होते याची यादी मोठी आहे. बर्फाचा गोळा होता, सरबत होते, उघड्यावरचे वडे होते. तेव्हा दोष पाण्याचाच होता असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणण्यास आमच्याजवळ पुरावा नाही. परंतु त्या मुलीच्या वडिलांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्हांला एक साधा प्रश्न विचारला : “फादर, ते पाणी कोणी तपासलं होतं?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, समितीजवळ नव्हते. जारवाल्या तरुणाला बोलावून विचारले तर तो म्हणाला, “फादर, मशीन नवीन आहे, माझ्या घरची पोरं हेच पाणी पितात.” तो खोटे बोलत नव्हता. त्याला जेवढे ठाऊक होते तेवढे त्याने सांगितले. सभागृहाच्या मागे त्याचा एक रिकामा जार राहून गेला होता. तो उन्हात धरून आत बोट घातले तेव्हा बोटाला हिरवट बुळबुळीत थर लागला.

हा लेख त्या बोटापासून सुरू होतो. आमचे म्हणणे आम्ही आधीच स्पष्टपणे मांडतो. गावोगावी, गल्लोगल्ली ‘शुद्ध पाणी’ म्हणून जे विकले जात आहे, त्यावरचा आपला विश्वास हा निराधार विश्वास आहे. आणि याहून वाईट गोष्ट अशी की, या विश्वासाच्या आडोशाला बसून आपण सुशिक्षितांनी सार्वजनिक पाण्याची जबाबदारी अंगावरून झटकून टाकली आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू, कारण आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की, एवढे उघडपणे विकले जाते त्या अर्थी कोणीतरी ते पाहत असणारच. आपल्या देशात बाटलीबंद पाण्याचा धंदा मुंबई-ठाण्याच्या परिसरात १९६५ च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा ती श्रीमंतांची आणि परदेशी पाहुण्यांची चैन होती. पुढे तो एवढा फोफावला की, २९ मार्च २००१ पासून सरकारने अशा पाण्याला भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. भारतीय मानक १४५४३ हे त्या मानकाचे नाव. त्यात इ. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू २५० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये अशी अट आहे. कारखान्यात स्वतःची प्रयोगशाळा हवी, नियमित तपासण्या हव्यात, बाटलीवर तारीख, तुकडी क्रमांक आणि पत्ता हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ब्यूरोच्या प्रमाणपत्राची सक्ती काढून टाकली, आणि पुढच्याच महिन्यात, २९ नोव्हेंबर २०२४ रोजी, पॅकबंद पाण्याला ‘अति जोखमीच्या’ अन्नपदार्थांच्या वर्गात घातले. एका हाताने एक कुलूप काढले, दुसऱ्या हाताने दुसरे लावले. यातले कोणते अधिक भक्कम, यावर जाणकारांनी वाद घालावा.

परंतु, वाचकहो, हे सारे मोहोरबंद पाण्यापुरते आहे. कायदा ज्याला ‘पॅकबंद’ म्हणतो ते पाणी भरून, मोहोर लावून, नाव-गाव छापून विकलेले असते. आपल्या मांडवाच्या दाराशी उभा असलेला, झाकण हाताने फिरवून उघडणारा, थंड पाण्याचा तो वीस लिटरचा जार ना मोहोरबंद असतो, ना त्यावर कोणाचे नाव असते. तो कायद्याच्या दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत बसतो. तो बाटलीबंद नाही म्हणून अन्नाचे नियम त्याला नेमके लागू होत नाहीत, आणि नळाचे पाणी नाही म्हणून पालिकेचे बंधन नाही. एक गाळा, एक कूपनलिका, एक यंत्र आणि एक टेम्पो एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा राहतो. चहाच्या टपरीवाल्याला परवाना लागतो, हे येथे केवळ आठवणीसाठी नमूद करतो.

कोणी म्हणेल, कायदा नसला म्हणून काय झाले, यंत्र तर आहे ना? ‘आरओ’चे यंत्र सारे काही गाळून टाकते! आमच्या सुशिक्षित बांधवांची या यंत्रावर जेवढी श्रद्धा आहे तेवढी अन्य कशावर असती तर आमचे काम पुष्कळ सोपे झाले असते. हे यंत्र करते काय ते समजून घेतले पाहिजे. एका अतिसूक्ष्म पडद्यातून पाणी दाबाने ढकलले जाते. क्षार, जड धातू आणि जंतू पडद्याच्या अलीकडे राहतात व पलीकडे गोड, हलके पाणी येते. पडदा धड असेल, वेळच्या वेळी बदलला असेल, तर हे काम ते चोख करते, याबद्दल वाद नाही. परंतु पडद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी पाण्यातला क्लोरीन कोळशाच्या गाळणीने मुद्दाम काढून टाकलेला असतो, कारण क्लोरीन पडद्याला मारक असतो. म्हणजे यंत्राच्या तोंडाशी येणारे पाणी त्या क्षणी शुद्ध असेल, पण ते निःशस्त्र असते. पुढे ज्या टाकीत ते साठते, ज्या नळीतून जाते, ज्या जारमध्ये भरले जाते, ज्या हाताने झाकण लावले जाते, त्यांपैकी कोठेही एखादा जंतू शिरला तर त्याला अडवणारे त्या पाण्यात काहीच नसते. वीस लिटरच्या त्या जारात उन्हाळ्याचे दोन दिवस म्हणजे जंतूंना मोकळे कुरणच. आमच्या बोटाला लागलेला थर तेथूनच आला होता.

नळाच्या पाण्याला जो वास येतो म्हणून आपण नाक मुरडतो, तो वास म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण आहे. नळाच्या तोंडाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे, हा आपल्या देशाचा पिण्याच्या पाण्याचा दंडक आहे. तो उरला आहे की नाही हे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटीच्या दोन-चार थेंबांनी पाहतो. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे, पांढरेच राहिले की नाही. सातवीतल्या मुलालाही ही परीक्षा करता येते. जारच्या पाण्यात ओटी टाका, ते पांढरेच राहील. विकणारा म्हणेल, आमचे पाणी एवढे शुद्ध आहे की त्याला क्लोरीनची गरजच नाही. हे उत्तर पुण्याच्या सिंहगड रस्त्याने ऐकले आहे, आणि त्याची किंमत मोजली आहे.

पुण्याशी आमचा संबंध जुना. गुरुविद्यालयातील आमची वर्षे तेथे गेली. सुटीच्या दिवशी सायकली काढून आम्ही खडकवासल्याला जात असू. वाटेत नांदेड, किरकटवाडी ही तेव्हा भाताची खाचरे आणि कौलारू घरे असलेली गावे होती. आज तेथे उंच इमारतींचे जंगल आहे. ही गावे २०२१ साली महापालिकेत आली, पण शहराचे शुद्ध केलेले पाणी त्यांच्या मागोमाग आले नाही. धरण खिडकीतून दिसते आणि पिण्याचे पाणी जारमधून येते, अशी ही वस्ती.

जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुईलेन-बारे सिंड्रोम या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, पाय लुळे पडतात आणि काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते, असा हा आजार. एरवी तो क्वचित आढळतो. पण काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, आणि काहींचे प्राण गेले. अनेकांना आधी जुलाब झाले होते. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. दूषित पाण्यातून आणि कच्च्या कोंबडीतून पोटात जाणारा हा जंतू, आणि या आजाराला निमंत्रण देणारा म्हणून वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक असलेला. मग सार्वजनिक विहीर तपासली गेली, टँकर तपासले गेले, आणि प्रथमच खासगी आरओ केंद्रांकडेही कोणाचे तरी लक्ष गेले. अनेक केंद्रांच्या पाण्यात इ. कोलाय आणि कोलिफॉर्म जंतू निघाले. कित्येकांकडे परवानगी नव्हती, क्लोरीनचा तर पत्ताच नव्हता. महापालिकेने सुमारे तीस केंद्रांना टाळे ठोकले.

साथीचे मूळ या केंद्रांतच होते असे कोणी सिद्ध केलेले नाही. सार्वजनिक विहिरीच्या पाण्यावरही संशय होता, आणि तो रास्त होता. आमचा मुद्दा निराळा आहे. लुळ्या पडलेल्या माणसांची रांग लागेपर्यंत त्या केंद्रांच्या दारात तपासनीस गेला नव्हता. वर्षानुवर्षे हजारो कुटुंबे पैसे मोजून ते पाणी ‘सुरक्षित’ म्हणून लहान मुलांना पाजत होती. नळाचे पाणी वाईट निघाले तर निदान महापालिकेच्या दारात मोर्चा नेता येतो, सभागृहात प्रश्न विचारता येतो. जारचे पाणी वाईट निघाले तर माणूस काय करतो? जारवाला बदलतो. नवा जारवाला कदाचित त्याच कूपनलिकेचे पाणी भरत असतो.

येथे आमचे एक मित्र, पेशाने अभियंता आणि समितीचे सभासद, आम्हांला अडवतात. “मग जार नको, मोहोरबंद बाटल्या आणू. खर्च वाढेल एवढेच.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे आम्ही मान्य करतो. नामांकित कारखान्यातील मोहोरबंद बाटलीत जुलाबाचे जंतू सापडण्याची शक्यता फार कमी असते. महापुरात, भूकंपात, विहिरींत घाण पाणी शिरलेले असते तेव्हा हीच बाटली प्राण वाचवते, आणि मदतकार्यात आम्ही स्वतः ती वाटली आहे. परंतु बाटली म्हणजे निर्दोष पाणी हा समजही टिकणारा नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली आणि मुंबई परिसरातील तीस छापांच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा बहुतेकांत लिंडेन, डीडीटी, क्लोरपायरिफॉस अशा कीटकनाशकांचे अंश निघाले. ते कोठून आले? कारखाने ज्या जमिनीखालून पाणी उपसत होते तेथून. बाटली स्वर्गातून येत नाही, ती आपल्याच शेतांखालचे पाणी पिते. त्या गदारोळानंतर मानके कडक झाली, आणि जानेवारी २००४ पासून कीटकनाशकांच्या अंशांवर काटेकोर मर्यादा आली. ते चांगलेच झाले. पण ज्या विहिरींतून शेतकरी पितो त्या विहिरींचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात कोणाला सुचला नाही. बाटलीतले विष हा घोटाळा ठरला. विहिरीतल्या विषाची बातमीसुद्धा झाली नाही.

आणखी एक गोष्ट आपण किनाऱ्यावरच्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी. बाटलीतले पाणी टिकावे म्हणून त्यात ओझोन वायू सोडतात. पाण्यात ब्रोमाइड असेल, आणि समुद्राचा शिरकाव झालेल्या भूजलात ते असतेच, तर ओझोनमुळे त्याचे ब्रोमेट बनते. ते कर्करोगकारक असण्याचा संभव असल्याने लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम ही त्याची जागतिक मर्यादा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मुंबईच्या बाजारातील बाटल्या तपासल्या, तेव्हा काहींत ते या मर्यादेच्या वर आढळले होते. प्लास्टिकबद्दल तर आता बोलावयासच नको. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील बाटल्यांत लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिककण मोजले. त्यांचा शरीरावर काय परिणाम होतो हे विज्ञान अजून शोधत आहे. आम्ही त्याचा बागुलबुवा करू इच्छित नाही. ‘शुद्ध’ हा शब्द मात्र थोडा जपून वापरावा, एवढीच विनंती.

आता खऱ्या भांडणाकडे वळतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशातील प्रमुख शहरांच्या नळांचे पाणी भारतीय मानक ब्यूरोकडून तपासून घेतले. सर्व कसोट्यांना सर्व नमुने उतरले ते एकट्या मुंबईचे. तानसा, वैतरणा, भातसा येथून येणारे, भांडुप आणि पांजरापूरला गाळले जाणारे ते पाणी. मुंबईत घरगुती वापराचे असे हजार लिटर पाणी बाजारातील एक लिटरच्या बाटलीपेक्षाही कमी दरात मिळते. तरीही मुंबईच्या कोणत्याही कार्यालयात जा, कोणत्याही सभागृहात जा, व्यासपीठावर पाण्याची बाटली असतेच. आमच्या लोकांची जी सभा पर्यावरणावर भरते तिच्या टेबलावरही ती असते, आणि आम्ही त्या टेबलाशी बसलेलो आहोत. चांगले पाणी दाराशी असताना ते नाकारणे ही केवळ भीती नव्हे, तो दर्जा मिरवण्याचा प्रकार झाला आहे. नळ गरिबांचा, बाटली प्रतिष्ठितांची.

त्याचे फळ काय? ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याची वर्तमानपत्रात ओळख आहे, ज्याचा मेहुणा नगरसेवक आहे, तो नळाच्या रांगेतून उठून गेला. रांगेत उरली ती भाड्याच्या खोलीतली मोलकरीण आणि वीटभट्टीवरचा मजूर. त्यांचे ओरडणे कोणाला ऐकू जात नाही. मग नळ दिवसाआड येतो. नळाचे पाणी दिवसाआड येते म्हणजे मधल्या वेळी जलवाहिनी रिकामी असते. रिकाम्या वाहिनीला दाब नसतो, आणि शेजारच्या गटारातील घाण फटीतून आत ओढली जाते. पहिल्या दहा मिनिटांचे गढूळ पाणी येते ते यामुळे. मग आपण म्हणतो, पाहा, नळाचे पाणी पिण्यालायक नाही, आणि आणखी एक जार मागवतो. हळूहळू ती मोलकरीणही तापाच्या भीतीने जार घेऊ लागते. आमच्याच धर्मग्रामातील धुणीभांडी करणारी एक भगिनी महिन्याला सहाशे रुपये पाण्यावर घालवते. जगात सर्वत्र हेच चित्र आहे. घाना आणि नायजेरियात अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक पिशव्यांतले पाणी हे लाखो गरीब कुटुंबांचे रोजचे पाणी झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने मार्च २०२३ मध्ये हिशेब मांडला की, जग दरवर्षी बाटलीबंद पाण्यावर जेवढा पैसा खर्च करते त्याच्या निम्म्याहून कमी पैशात पाण्यावाचून असलेल्या सुमारे दोनशे कोटी लोकांपर्यंत सुरक्षित पाणी नेता येईल. पैसा आहे. तो आपण रोज थोडा थोडा जारवाल्याच्या हाती देत असतो.

वसईकरांनी तर हे विसरूच नये. १९८० च्या दशकात आपल्याच बागायतीतील विहिरींवर पंप बसले आणि रात्रंदिवस टँकर भरून नव्या वसाहतींकडे जाऊ लागले. रहाट थांबले, बावखले आटली, काही बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि गोड्या विहिरी मचूळ झाल्या. त्या वेळी हरित वसईची चळवळ उभी राहिली. २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. आम्ही तेव्हा मिसरूड न फुटलेले तरुण होतो आणि त्या सभांच्या शेवटच्या रांगेत उभे राहत असू. पाणी विकू नका, हे त्या सभांतले मागणे. आज तोच समाज पाणी विकत घेतो, आणि काही ठिकाणी, सांगावयास लाज वाटते, विकतोही. जारची काही केंद्रे आपल्याच लोकांच्या वाडीत, आपल्याच विहिरींवर चालतात.

आणि जे नळाचे पाणी आपण कुंड्यांना घालतो ते कोठून येते? बरेचसे सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून. डहाणू, पालघर, विक्रमगड या तालुक्यांतील शेती भिजावी म्हणून ते धरण बांधले गेले. तेथल्या आदिवासींनी ते पाणी शहरांकडे वळवण्याला वर्षानुवर्षे विरोध केला. ते आपल्यापर्यंत आले. आदिवासीच्या शेतातून वळवलेले, सरकारी खर्चाने गाळलेले आणि क्लोरीन घातलेले ते पाणी आपल्याला पिण्यालायक वाटत नाही! आपण त्याने मोटारी धुतो, आणि पिण्यासाठी टेम्पोची वाट पाहतो. त्या आदिवासी माउलीने आपल्याला काय म्हणावे?

फेस्तानंतरच्या बैठकीत आम्ही ठराव मांडला की, पुढील वर्षी जार आणावयाचे नाहीत. नळाचे पाणी टाकीत साठवून आणि देवळामागची जुनी विहीर उपसून, दोन्ही पाण्यांत हजार लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात टीसीएल घालून, तासाभराने ओटीने पाहून, तेच सर्वांना द्यावे. ग्रामीण महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोताची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतात. तशी पाटी आमच्या टाकीवर लावावी आणि त्यावर तपासणीची तारीख व तपासणाऱ्याचे नाव खडूने लिहावे. शिवाय वॉर्डातील नळाच्या पाण्याची तपासणी दर महिन्याला मागून घ्यावी आणि तिचा निकाल देवळाच्या फलकावर लावावा, मग तो चांगला असो की वाईट.

चर्चा तीन तास चालली. बँडच्या चर्चेपेक्षा ती लांबली, याचे आम्हांला समाधान वाटले. एका सद्गृहस्थांनी विचारले, “पाहुणे काय म्हणतील?” दुसरे म्हणाले, “फादर, उद्या कोणी आजारी पडलं तर नाव तुमचं येईल.” आम्ही म्हणालो, तेच तर हवे आहे, जारवर कोणाचेच नाव नसते. ठराव नऊ विरुद्ध सात मतांनी संमत झाला. ज्या मुलीला सलाईन लावले होते तिच्या वडिलांनी विरोधात मत दिले. त्यांचा कोणत्याच पाण्यावर विश्वास उरलेला नाही, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही.

जूनच्या पहिल्या पावसानंतर आम्ही विहिरीचे पाणी हायड्रोजन सल्फाइडच्या कुपीत घालून गुरुविद्यालयातून सुटीवर आलेल्या एका ब्रदरच्या टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी कुपी काळी झाली. म्हणजे विहिरीत मैला झिरपत होता. शोध घेता कठड्याला तडा आणि पलीकडच्या इमारतीची फुटकी शोषटाकी सापडली. इमारतीच्या अध्यक्षांना पत्र दिले, कठडा बांधून घेतला, विहीर उपसली, टीसीएल टाकले. पंधरा दिवसांनी ठेवलेली दुसरी कुपीही काळी झाली. तिसरी गेल्या शनिवारी ठेवली, ती दोन दिवस रंग न बदलता राहिली आहे. ज्या सात जणांनी विरोधात मत दिले होते त्यांतले चौघे सोमवारी सकाळी मिस्सा संपल्यावर ती पाहण्यास आले होते. शोषटाकीची दुरुस्ती अद्याप झालेली नाही, आणि इमारतीच्या अध्यक्षांच्या दाराशी रोज सकाळी दोन जार उतरतात.